सोप्यातला बीएलडीसी पंखा: आठ महिन्यांनंतर

गुढीपाडव्याच्या आदल्या रविवारी आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी, सोप्यात, नवा पंखा चढवला. आता दिवाळीचा फराळही संपला, तेव्हा लिहायला हरकत नाही. बेळगावला पंखा कशाला, असं म्हणणारी जुनी माणसं अजून आहेत. गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे ना गावाला! त्यांना एप्रिलच्या दुपारी कौलाखाली बसवावं.

पंखा १२०० मिलिमीटरचा, बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, कमी वीज खाणारा), रिमोटवाला. खडेबाजारातून घेतला, तीन हजारांच्या आत. कंपनीचं नाव का घेत नाही ते पुढे येईल. पंखा चांगलाच आहे. पण तो चढवताना आमचा जो दीड दिवस गेला, तो आधी सांगतो.

जुना पंखा एका वाशाला ठोकलेल्या हुकावर वीस-बावीस वर्षं फिरत होता. इलेक्ट्रिशियननं त्या वाशावर हातोडीची मूठ मारली तर पोकळ आवाज आला. आतून वाळवीनं खाल्लेला. पंखा चार किलोचा, पण फिरायला लागला की हिसके देतो, आणि ते रोज बारा-चौदा तास त्या एका हुकावर. मग वासा सोडून सागवानी तुळईला आरपार भोक पाडलं, बोल्ट घातला, मागून मोठा वॉशर आणि एकावर एक दोन नट. त्यावर क्लॅम्प. माणूस म्हणाला, आज पंखा नको, पाण्याचा कॅन टांगा. वीस लिटरचा भरलेला कॅन रात्रभर सोप्यात लोंबकळत होता. शेजारचे काका दारातून, "काय करूलालास रे, फाशी कुणाला?"

सकाळी तुळई जिथल्या तिथं, नट तसूभर हलला नव्हता. मग वायरीकडे वळलो. मी एमसीबीचा खटका पाडला, भिंतीवरचं बटणही बंद केलं, आणि जुना पंखा सोडायला घोड्यावर चढणार, तेवढ्यात इलेक्ट्रिशियननं मला थांबवून टेस्टर लावला. दिवा लागला! "करंट ऐती री!" म्हणजे करंट आहे हो. वायर जिवंत होती.

एकाच वेळी दोन चुका निघाल्या. सोप्याची लाइन इन्व्हर्टरवर आहे, हे मी साफ विसरलो होतो. एमसीबी पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानदारीनं पंख्याला करंट पुरवायला लागतो. दुसरी चूक वडिलांच्या वेळच्या वायरिंगची. बटण फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीवर असायचं, ते न्यूट्रलवर, परतीच्या वायरीवर घातलेलं. म्हणजे बटण बंद, पंखा बंद, पण करंट थेट पंख्यापर्यंत उभाच. इतकी वर्षं त्याच पंख्यावर मी दिवाळीला ओला फडका फिरवत होतो. इन्व्हर्टर मागच्या बटणानं बंद करून त्याची आउटपुटची वायर सोडली, मल्टिमीटरनं शून्य बघितलं, मगच वर हात घातला. बोर्डातला फेज-न्यूट्रल सरळ केला आणि अर्थिंगची हिरवी वायर नवीन ओढली. जुन्या पंख्याला ती नव्हतीच.

बाकीचं पटापट झालं. तुळई उंच, म्हणून खोक्यातल्या फूटभर दांडीऐवजी दोन फुटी दांडी घेतली. पाती जमिनीपासून साडेआठ फुटांवर आली. दांडीच्या आत वायरीला जोड द्यायचा नाही, सलग तुकडाच ओढायचा. शॅकलच्या, म्हणजे दांडी टांगायच्या कडीच्या बोल्टात स्प्लिट पिन घालून तिचे दोन्ही पाय फाकवायचे. एकच पाय वाकवून सोडणारे पुष्कळ आहेत. जुना रेग्युलेटर काढला, कारण या पंख्याला सरळ लाइन लागते, वेग त्याच्या आतला सर्किट बोर्ड ठरवतो. पात्यांचे बोल्ट मात्र मी घाईत आवळले आणि पंखा पहिला आठवडा डुलत होता. एक पातं पुन्हा बसवल्यावर शांत झाला.

आता विजेचं. जुना पंखा ७५ वॅटचा, हा फुल वेगावर ३० च्या आसपास. रोज चौदा तास धरले तर महिन्याला १८-१९ युनिटांचा फरक. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, मागच्या सरासरीवरून ठरलेली आमची हद्द १३० युनिटांची. त्यापुढच्या युनिटांचे पैसे पडतात, आणि २०० ओलांडले तर सगळंच बिल अंगावर. गेल्या उन्हाळ्यात दोनदा हद्द ओलांडली होती, यंदा एकदाही नाही. सगळं श्रेय पंख्याचं नाही, फ्रिजही बदललाय.

त्याहून सुख संध्याकाळी. व्होल्टेज पडलं की जुना पंखा म्हाताऱ्यासारखा चालायचा, इन्व्हर्टरवर तर घूं घूं करायचा. हा दोन्ही वेळी एकाच वेगानं, बिनआवाज फिरतो. वळवाचा कडकडाट सुरू झाला की मात्र मी तो बटणानं बंद करतो. आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, जुन्यासारखा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलून भागणार नाही.

जुलैत एक कौल सरकलं आणि पाणी तुळईवरून दांडीवर, दांडीवरून वाटीत. वेळीच दिसलं. दोन दिवस बंद ठेवला, वाटी खाली करून सुकवली, कौल बसवलं. कौलारू घरात पंखा घेणाऱ्यांनी पावसाळ्याआधी वरची कौलं बघून घ्यावीत.

पाचव्या महिन्यात रिमोट मेला. सेल बदलले, काही नाही. वॉरंटी होती, फोन केला. फोनवरच्या बाईंना गावांच्या यादीत बेळगाव सापडेना. बेळगावी म्हटल्यावर सापडलं. मग कोल्हापूरचं सेंटर म्हणालं, तुम्ही कर्नाटकात, हुबळीला सांगा. हुबळीवाले म्हणाले, तुमचा पिनकोड आमच्याकडे दिसत नाही. सीमाप्रश्न पंख्यापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. सव्वा महिन्यानं रिमोट आला, तोही पार्सलनं, माणूस नाहीच.

परवा साफसफाईत लाइन तपासून वर चढलो तेव्हा पात्याचा एक बोल्ट अर्धा आटा सैल होता, तो आवळला. तुळईवरचे नट तसेच घट्ट.

आई अजून रिमोट हातात घेत नाही. तिला फिरवायचं गोल बटण हवं होतं. ती भिंतीवरचं बटण दाबते, पंखा रात्रीच्या वेगावरच सुरू होतो, आणि गार वाटलं की तिथूनच मला हाक मारते.