बावधनच्या काळ्या पाषाणातील नियंत्रित सुरुंगकाम : घेतलेल्या सेवेचे परीक्षण

पुण्यातील बावधन येथे आमच्या घराचे तळघर आणि पाण्याची टाकी खोदण्यासाठी 2025 च्या मे महिन्यात आम्ही नियंत्रित सुरुंगकामाची सेवा घेतली. ज्यांना असे काम करून घ्यावे लागते त्यांच्या कानावर बहुधा शेजाऱ्यांच्या तक्रारीच येतात, दुसरी माहिती मिळत नाही. म्हणून अकरा दिवस खड्ड्याच्या कडेला उभे राहून जे पाहिले ते सविस्तर लिहीत आहे. पथकाच्या प्रमुखांनी आपले नाव कोठेही छापू नये अशी विनंती केली आहे, ती मी पाळतो. साइटवर सगळे त्यांना ‘ब्लास्टरसाहेब’ म्हणत, त्यामुळे येथेही त्यांचा उल्लेख ब्लास्टर असाच केला आहे.

वरचा दीड मीटर मुरूम पोकलेनने एका दिवसात निघाला आणि त्याखाली काळा पाषाण लागला. पुण्याच्या या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा, स्वभाव स्थापत्याच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असतो. एखाद्या थरात तो सच्छिद्र, गारगोट्यांनी भरलेला आणि ठिसूळ असतो व ब्रेकरने सहज फुटतो; दुसऱ्या थरात तोच इतका घट्ट असतो की ब्रेकरची छिन्नी बोथट होते आणि खडकावर फक्त पांढरा ठिपका उमटतो. आम्ही नऊ दिवस ब्रेकर चालवला. खोली जेमतेम हातभर वाढली आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चालणाऱ्या त्या ठकठकीने शेजारच्या आजींची दुपारची झोप गेली. भोकात भरल्यावर फुगून खडक तडकवणारी केमिकल पावडरही वापरून पाहिली, परंतु मेच्या उन्हात एका भोकातला लगदा उसळून बाहेर आला, तेव्हा तो प्रयोग तेथेच थांबवला.

सुरुंगाला मात्र मी मनाने तयार नव्हतो. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बांधकामावर मी सहायक अभियंता असताना तेथल्या सुरुंगाच्या ठेकेदाराने भोकांवर काहीही न झाकता बार उडवला होता, आणि मुठीएवढा एक दगड तीन प्लॉट ओलांडून एका घराच्या पत्र्यातून थेट स्वयंपाकघरात पडला. घरातल्या बाई त्या वेळी पाणी भरायला बाहेर गेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. नंतर चौकशीत विचारले गेले की कोणत्या भोकात स्फोटकाच्या किती कांड्या भरल्या होत्या. ठेकेदाराला सांगता आले नाही, कारण त्याने ते लिहूनच ठेवले नव्हते. मला त्या दगडापेक्षा त्या उत्तराची भीती अधिक वाटली, आणि या वेळी पथक निवडताना मी पहिला प्रश्न दराचा न विचारता हिशोबाच्या वहीचा विचारला. तिघांपैकी एकानेच वही पुढे ठेवली. काम त्यालाच दिले.

बावधनकरांच्या मनात सुरुंग म्हटले की चांदणी चौकाचा जुना पूल येतो. 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्री एकच्या सुमारास, सुमारे 1300 भोकांत सुमारे 600 किलो स्फोटके भरून तो पाडण्यात आला. पण आतल्या लोखंडी सळ्यांनी पुलाचा भाग धरून ठेवला आणि उरलेले काम यंत्रांनी करावे लागले. ‘तसा मोठा आवाज होणार का?’ असे गल्लीतल्या प्रत्येकाने विचारले. आमच्या कामात मुद्दाम उलटी रीत होती : भोके लहान, प्रत्येक भोकात दारू थोडी, आणि सर्व भोके एकाच क्षणी न उडता काही मिलिसेकंदांच्या अंतराने एकामागून एक उडतील अशी जुळणी. त्यामुळे हादरा वाटला जातो आणि ऐकणाऱ्याला एकच दबका धक्का जाणवतो.

पहिले दोन दिवस सुरुंग लावलाच गेला नाही. ब्लास्टर दोन्ही शेजाऱ्यांच्या घरी गेले, भिंतींवरच्या जुन्या भेगांचे फोटो घेतले, आणि प्रत्येक मोठ्या भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहिली. भेग जराही रुंदावली तर काच तडकते. आजींनी विचारले, ‘अहो, हे कशाला? आमचं घर पडणार आहे का?’ त्यावर ते म्हणाले, ‘आजी, नाही पडणार. पण उद्या तुम्ही म्हणालात की माझ्यामुळे भेग पडली, तर तुम्हाला आणि मला दोघांनाही खरं काय ते कळायला हवं ना.’ ही पट्टी स्वस्त असते आणि लावायला पाच मिनिटे लागतात; तरीही आधीच्या कोणत्याही कामावर मी ती लावलेली पाहिली नव्हती.

हादरे मोजण्याचे यंत्र आजींच्या घराच्या जोत्यापाशी ठेवले होते. खाणींसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाने 1997 च्या परिपत्रकात जी मर्यादा ठरवली आहे तीच शहरातल्या कामांवरही मापदंड म्हणून वापरली जाते. जमीन हलण्याच्या वेगाची ही मर्यादा साध्या घरांसाठी, कंपनाची वारंवारता 8 हर्ट्झपेक्षा कमी असल्यास सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 हर्ट्झच्या दरम्यान 10 आणि त्याहून अधिक असल्यास 15 मिलिमीटर अशी आहे. आमच्या सर्व बारांमधला सर्वांत मोठा आकडा 3.4 होता. शेजाऱ्यांच्या बाजूच्या हद्दीवर एकमेकांजवळ घेतलेल्या भोकांची एक रिकामी रांग आधीच पाडून ठेवली होती. तिच्यात दारू भरलेली नव्हती, खडक त्या रेषेत सुटावा आणि धक्का पलीकडे कमी जावा एवढेच तिचे काम होते.

बार भरण्याचा दिवस मी जवळून पाहिला. स्फोटके साइटवर मुक्कामाला ठेवलेली नव्हती; परवानाधारक गाडी सकाळी येत असे आणि उरलेला माल संध्याकाळी मोजून परत जात असे. कांडी उडवणारे डिटोनेटर वेगळ्या पेटीत, कांड्यांपासून दूर. लोक अजूनही ‘जिलेटिनची कांडी’ म्हणतात, परंतु आता येते ती इमल्शन या दुसऱ्या स्फोटकाची, बोटाने दाबली तर मऊ लागणारी. जुन्या जिलेटिनमधल्या नायट्रोग्लिसरीनने रक्तवाहिन्या रुंदावत आणि हाताळणाऱ्याचे डोके दिवसभर ठणकत असे. ब्लास्टरांच्या वडिलांना तो त्रास आयुष्यभर होता. कांडी भोकात सरकवायला लाकडी काठीच वापरली जात होती, लोखंडाचा तुकडाही जवळ नव्हता. भोकाचे तोंड खडीच्या बारीक कचीने घट्ट भरल्यावर वर जुन्या कन्व्हेयर पट्ट्यांचे रबरी मॅट, त्यावर जाळी आणि तिच्यावर वाळूची पोती. वीस वर्षांपूर्वीचा तो दगड अशा आच्छादनाखालून बाहेर पडला नसता.

प्रत्येक भोकाला क्रमांक होता आणि वहीत त्या क्रमांकापुढे कांड्यांची संख्या, डिटोनेटरचा क्रमांक आणि वेळ लिहिली जात होती. मदतनीस मोठ्याने आकडा म्हणायचा आणि ब्लास्टर तो परत म्हणूनच लिहायचे. विजेवर चालणारे डिटोनेटर 1 एप्रिल 2025 पासून देशात बंद झाल्यामुळे येथे विजेशिवाय बार उडवणाऱ्या नोनेल नळ्या वापरल्या. विजेच्या डिटोनेटरला उडायला भटका विद्युतप्रवाहही पुरतो, हे त्यांनी आमच्या मुकादमाला त्याचा मोबाइल काढून घेताना समजावून सांगितले होते. नोनेल असूनही मोबाइल बाहेर ठेवण्याची जुनी सवय त्यांनी सोडली नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी दोन वाजता सिंहगडाच्या बाजूने ढग चढू लागले. भोके तयार होती, गाडी आली होती, आणि आमच्या बांधकाम ठेकेदाराला तो दिवस फुकट घालवायचा नव्हता. ब्लास्टरांनी आकाशाकडे पाहिले आणि पेटी उघडलीच नाही. वीज पडली तर नोनेलचाही भरवसा देता येत नाही, एवढेच ते म्हणाले आणि गाडी परत पाठवली. त्या दिवशी ना वीज चमकली ना थेंब पडला. ठेकेदार संध्याकाळपर्यंत कुरकुरत राहिला. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता, कारण दोन वाजता चार वाजताचे आकाश कोणालाच दिसत नसते.

आठव्या दिवशी एक बार चुकला. भोंगा झाला, धक्का जाणवला, परंतु ब्लास्टर बराच वेळ कोणालाही आत सोडेनात. धूर पूर्ण विरल्यावर ते एकटेच उतरले आणि मॅट उचलून एकेक भोक पाहत गेले. सतरा क्रमांकाभोवतीचा खडक उचललेला नव्हता. त्यांनी लाल कापड ठेवले, सगळ्यांना पुन्हा बाहेर काढले आणि आणखी अर्धा तास थांबले. त्या भोकात कोणालाही हात घालू दिला नाही. बाजूला सुरक्षित अंतरावर नवे भोक घेऊन तो खडक उडवला आणि मलब्यातून न उडालेला माल शोधून वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिला. त्या दिवशी संध्याकाळचे सात वाजले. उडालेल्या जुन्या भोकाच्या तळाशी उरलेल्या खोबणीत ड्रिल लावायचे नाही, हा नियमही ते रोज सकाळी कॉम्प्रेसरवाल्यांना नव्याने सांगत, कारण तळाशी राहिलेल्या दारूवर ड्रिल पडून मजूर दगावल्याच्या घटना या धंद्यात घडलेल्या आहेत.

त्यांचे वडील मुळशीकडच्या विहिरींना सुरुंग लावत. घणाने पहार ठोकून भोक पाडायचे, वातीला बत्ती द्यायची आणि पळायचे. मुलाने रीतसर परीक्षा देऊन परवाना मिळवला. परवाना त्यांच्या नावावर असल्यामुळे साइटवरच्या प्रत्येक कांडीचे उत्तर त्यांनाच द्यावे लागते, आणि तरीही अशा पथकांना मिळणारा मोबदला मालक ब्रेकरच्या भाड्याशी तोलत बसतात. मीही तोललाच होता. खर्च जवळजवळ सारखाच निघाला, फक्त सव्वा महिन्याऐवजी काम अकरा दिवसांत झाले.

दोष सांगायला हवेत. भोके पाडणाऱ्या दोन्ही मुलांच्या कानांवर काहीही नव्हते आणि ड्रिलिंग कोरडेच, धूळ उडवत चालले होते. मी दोनदा बोललो तेव्हा तिसऱ्या दिवशी पाण्याची नळी आली, कानावरचे मफ मात्र आम्हीच आणून दिले. एवढ्या काळजीने दारू मोजणाऱ्या पथकाने स्वतःच्या मुलांचे कान असे उघडे सोडावेत याचे मला फार वाईट वाटले. बार उडवण्याची वेळ लगतच्या घरांनाच कळवली होती, मागच्या गल्लीत तान्हे बाळ असलेल्या घराला नाही. हादऱ्यांचा लेखी अहवालही काम संपल्यावर अठरा दिवसांनी आणि तीन फोन केल्यावर मिळाला. तो त्याच संध्याकाळी द्यायला हवा. पुढचे काम देणाऱ्याने ही अट करारात आधीच लिहून घ्यावी.

तळघराच्या हद्दीकडच्या भिंतीवर आता त्या रिकाम्या रांगेतल्या भोकांचे अर्धे नळकांडे खडकात वरपासून खालपर्यंत सरळ दिसतात. आजींच्या स्वयंपाकघरातल्या दोन आणि पलीकडच्या घरातल्या तीन काचेच्या पट्ट्या परवा मी स्वतः जाऊन पाहिल्या. पाचही अखंड आहेत. आजींनी त्या काढू नका असे सांगितले आहे.