पीसी मध्येच बंद पडतो: कूलर, एसएमपीएस की यूपीएस, पैसे कशावर घालायचे?

काम चालू असताना पीसी खटकन बंद पडला की पहिला संशय एसएमपीएसवर (पीसीच्या सगळ्या भागांना वीज देणाऱ्या डब्यावर) जातो आणि दोन दिवसांत नवा एसएमपीएस घरी येतो. पुष्कळदा अंदाज बरोबरही निघतो. पण खरा दोष प्रोसेसरवरच्या सैल झालेल्या कूलरचा किंवा थकलेल्या यूपीएसचा असेल, तर पैसे जातात आणि पीसी पहिल्यासारखाच बंद पडत राहतो. मुख्य संशयित तीन: उष्णता, एसएमपीएस आणि बाहेरून येणारी वीज. बाहेरच्या विजेत यूपीएस, एक्स्टेन्शन बोर्ड आणि पॉवर कॉर्ड हे सगळं आलं. पीसी केव्हा बंद पडतो हे सगळेच बघतात. तो परत कसा चालू होतो याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं, आणि नेमकं तेच जास्त बोलकं असतं.

आधी दोन खात्र्या

पीसी खरंच बंद पडलाय का? स्क्रीन काळी झाली पण पंखे फिरताहेत आणि नमलॉक दाबल्यावर कीबोर्डचा दिवा बदलतोय, तर पीसी चालू आहे. दोष मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरकडे शोधा. पंखे फिरताहेत पण दिवा बदलत नाही, तर पीसी हँग झालाय. पुढचं सगळं पंख्यांसकट बंद पडणाऱ्या पीसीबद्दल आहे.

दुसरी खात्री विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत. 'विंडोज लॉग्ज'मधलं 'सिस्टम' उघडा आणि बंद पडल्याच्या वेळेच्या नोंदी बघा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद हमखास सापडते आणि नावातलं 'पॉवर' वाचून लोक एसएमपीएसला दोषी ठरवून मोकळे होतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. कामाची गोष्ट तिच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये आहे. 'बगचेककोड' शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज गेली किंवा पीसी गोठला. शून्याशिवाय दुसरा आकडा असेल तर ती ब्लू स्क्रीन होती, आणि मग शोध ड्रायव्हर, रॅम, डिस्क या दिशेने. आणि १०७४ क्रमांकाची नोंद दिसली तर पीसी पडलेला नाही, कुठल्या तरी प्रोग्रॅमने किंवा अपडेटने तो रीतसर बंद केलाय. त्या नोंदीत प्रोग्रॅमचं नावही असतं.

तिघे समोरासमोर

| | उष्णता | एसएमपीएस | बाहेरची वीज |
|---|---|---|---|
| केव्हा बंद पडतो | जड काम सुरू झाल्यावर काही मिनिटांनी | लोड चढताक्षणी; फार जुना असेल तर केव्हाही | कामाशी संबंध नाही |
| आधीची चाहूल | पंख्यांचा आवाज वाढतो, पीसी संथ होतो | बहुधा काहीच नाही | दिवे मिणमिणतात, यूपीएस बीप देतो |
| परत कसा चालू होतो | चालू होतो, पण आधीपेक्षा लवकर बंद पडतो | बटणाला दाद देत नाही. मागचा स्विच बंद-चालू केल्यावर उठतो | आपोआप, किंवा बटण दाबताच |
| फुकटातली चाचणी | तापमानाचा लॉग | ग्राफिक्स कार्डची पॉवर मर्यादा कमी करणे | यूपीएस वगळून थेट भिंतीत |

एसएमपीएसच्या रकान्यातल्या तिसऱ्या ओळीमागे कारण आहे. जास्त करंट, शॉर्ट सर्किट किंवा क्षमतेबाहेरचा लोड दिसला की एसएमपीएसमधलं संरक्षण सर्किट आउटपुट तोडतं आणि तसंच अडकून राहतं. बहुतेक एसएमपीएसमध्ये हे कुलूप वीज पूर्ण तोडल्याशिवाय सुटत नाही. म्हणून पीसी पडल्यावर घाईने मागची वायर काढू नका. आधी पुढचं बटण दाबून बघा. बटण मेलेलं असेल आणि मागचा स्विच दहा-पंधरा सेकंद बंद ठेवून चालू केल्यावर पीसी उठला, तर निम्मं निदान तिथेच झालं.

उष्णता: वाटते तितकी दोषी नसते

आजचे प्रोसेसर तापले की आधी वेग कमी करतात, बंद पडणं हा शेवटचा उपाय. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे, रायझन ५००० मध्ये बहुतेकांची ९०, इंटेलच्या अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरची साधारण १००. या आकड्याला टेकून प्रोसेसर तासन्‌तास चालू शकतो. त्यामुळे 'तापमान ९० दिसतंय, म्हणून बंद पडतोय' हा तर्क लंगडा आहे. उष्णतेने पीसी पडायचा तर कूलिंग खरोखर कोलमडलेलं असावं लागतं: पंखा थांबलेला, इंटेलच्या मूळ कूलरच्या चार पुशपिनांपैकी एखादी सुटलेली, किंवा लिक्विड कूलरचा पंप बंद. पंप बंद असेल तर लोड देताच काही सेकंदांत तापमान ९० च्या पुढे उडी मारतं. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट नुसती वाळली असेल तर ते हळूहळू चढतं.

चाचणीसाठी एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि व्होल्टेज दाखवणारा प्रोग्रॅम चालवून सेन्सर लॉगिंग सुरू करा. दर दोन सेकंदांची नोंद फाइलमध्ये जाते. पीसी पडल्यावर फाइलच्या शेवटच्या ओळी बघा. तिथे प्रोसेसर ६० अंशांवर आणि ग्राफिक्स कार्ड ७० वर असेल, तर पेस्ट बदलण्यात संध्याकाळ घालवू नका.

तापमान खरंच वर असेल तर साफसफाई अशी. वायर काढा. हवेचा फवारा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. कूलर काढायचा असेल तर वायर परत लावून पीसी पाच-दहा मिनिटं चालवा, आणि पेस्ट कोमट झाली की वायर पुन्हा काढा. एएम४ सॉकेटवर (रायझन ५००० ज्यात बसतात) कूलर सरळ वर ओढू नका, डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवा. ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून पेस्टला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा आणि स्क्रू तिरक्या जोड्यांनी, थोडेथोडे आवळा.

एक फसवा प्रकार मात्र लक्षात ठेवा. एसएमपीएसचा स्वतःचा पंखा अडकला असेल तर तो आतून तापून बंद पडतो. पीसी अर्धा-पाऊण तास चालतो, पडतो, गार झाल्यावर उठतो. लक्षणं सगळी उष्णतेची, लॉगमधलं तापमान मात्र अगदी साधं. हात मागे नेऊन एसएमपीएसची हवा येते का बघा. काही एसएमपीएसचे पंखे कमी लोडला मुद्दाम थांबलेले असतात, म्हणून ही तपासणी लोड देऊनच करायची.

एसएमपीएस: बदलण्याआधीच्या तीन गोष्टी

पहिली, केबल. आठ पिनांचा पीसीआय एक्सप्रेस कनेक्टर १५० वॅटसाठी असतो. कार्डाला असे दोन लागत असतील आणि दोन्ही एकाच केबलच्या दोन तोंडांतून दिले असतील, तर शक्य तिथे दोन स्वतंत्र केबल लावा. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातला सीपीयूचा आठ पिनांचा कनेक्टर आणि चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर काढून परत दाबून बसवा. यात काही खर्च नाही आणि कधीकधी आजार इथेच संपतो.

दुसरी, हिशोब. प्रोसेसरच्या खोक्यावरचा टीडीपी (उष्णतेच्या हिशोबाने दिलेला वॅटचा आकडा) धरू नका, त्याची कमाल पॉवर धरा. उदाहरणार्थ रायझन ७ ५८००एक्सचा टीडीपी १०५ वॅट आहे, पण तो सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत ओढतो. त्यात आरटीएक्स ३०८० चे ३२० आणि मदरबोर्ड, डिस्क, पंख्यांचे साधारण ८० मिळवले की ५४२ होतात. कागदावर ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. प्रत्यक्षात तो गेममध्ये पडू शकतो, कारण ग्राफिक्स कार्ड मिलिसेकंदाच्याही आत सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतं आणि संरक्षण सर्किटला ती दिसते. एनव्हिडिया त्या कार्डासाठी ७५० वॅट सुचवते ते उगाच नाही. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने मोठ्या एसएमपीएसना १०० मायक्रोसेकंदांपुरता क्षमतेच्या दुप्पट लोड सोसायची अट घातली ती याच उसळ्यांसाठी.

तिसरी, फुकटातली चाचणी. आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि ज्या गेममध्ये पीसी पडतो तोच खेळा. पडणं थांबलं तर एसएमपीएस अपुरा किंवा थकलेला आहे. हाच पुरावा दुसऱ्या वाटेनेही मिळतो: नुसतं प्राइम९५ (प्रोसेसरला लोड देणारा प्रोग्रॅम) चालवल्यावर पीसी टिकतो, नुसतं फरमार्क (ग्राफिक्स कार्डाला लोड देणारा) चालवल्यावरही टिकतो, दोन्ही मिळून चालवताच पडतो.

मल्टिमीटर असेल तर लोड चालू असतानाच मोजा. पिवळी वायर ११.४० ते १२.६० व्होल्टमध्ये हवी, लाल ४.७५ ते ५.२५ मध्ये, नारिंगी ३.१४ ते ३.४७ मध्ये. सगळ्या वायरी काळ्या असतील तर रंगाऐवजी पिनांच्या जागेवरून ओळखा. आकडे बाहेर गेले तर दोष पक्का. पण आकडे आत असले म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, क्षणभराची घसरण मल्टिमीटरला पकडता येत नाही. हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून पंखा फिरवून बघण्याची चाचणी तर त्याहून कच्ची आहे. एसएमपीएस चालू होतो एवढंच ती सांगते, लोड पेलतो की नाही ते सांगत नाही. एचडब्ल्यूइन्फोतला बारा व्होल्टचा आकडाही इशारा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नाही.

एसएमपीएस बदलताना मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या) केबलही बदला. जुन्या केबल नव्या एसएमपीएसला बसतात म्हणून तशाच लावल्या तर डिस्क आणि मदरबोर्ड जळू शकतात. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिकही वेगळी असते. आणि जुना एसएमपीएस उघडून दुरुस्त करायचा मोह टाळा. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही काही वेळ शेकडो व्होल्ट राहतात.

यूपीएस: रक्षकच चोर

वीज पूर्ण लोडवर तुटली तर चांगला एसएमपीएस साठवलेल्या ऊर्जेवर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे एक पूर्ण आवर्तन गळालं तरी जोरात चालणारा पीसी पडू शकतो, आणि घरातला दिवा जेमतेम मिचकतो. निष्क्रिय पडलेला पीसी तोच झटका सहज सोसतो, म्हणून हा दोष कधीकधी एसएमपीएसच्या दोषासारखा भासतो.

यूपीएस असूनही पीसी पडत असेल तर तीन प्रश्न विचारा. बॅटरी किती जुनी? लेड-ॲसिड बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते. फाइल सेव्ह करून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. पीसी लगेच पडला तर बॅटरी गेली. क्षमता किती? ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. अशा छोट्या यूपीएसची खरी क्षमता बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते आणि मोठं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी ती सहज ओलांडतो. तिसरा प्रश्न लहरीच्या आकाराचा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात आणि ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज समरूप ओढणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस ती पत्करत नाहीत. तिथे शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लागतो.

पक्की चाचणी कंटाळवाणी पण सोपी आहे: यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही वगळून पीसी थेट भिंतीत लावा. आठवड्यात दोनदा पडणारा पीसी असा तीन आठवडे टिकला, तर एसएमपीएसला हातही लावू नका.

उरलेले

चालू केल्यावर दर वेळी साधारण चार सेकंदांनी बंद होणारा पीसी म्हणजे अडकलेलं पॉवर बटण. बटण चार सेकंद दाबून धरलं की मदरबोर्ड पीसी बंद करतो, आणि अडकलेलं बटण नेमकं तेच करत असतं. फ्रंट पॅनलची बटणाची वायर काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवा. पीसी चालू राहिला तर दोष कॅबिनेटचा. रॅम सहसा पीसी बंद पाडत नाही, ती ब्लू स्क्रीन किंवा रीस्टार्ट देते. मदरबोर्डच्या गोल बॅटरीला मात्र लोक विनाकारण बदनाम करतात. ती संपली तर घड्याळ आणि बायोसची सेटिंग जातात, चालता पीसी पडत नाही.

कशाने सुरुवात करायची

सात-आठ वर्षांचा, नाव न ऐकलेल्या कंपनीचा एसएमपीएस असेल आणि बटणाला दाद न देण्याचं लक्षण दिसलं असेल, तर आणखी चाचण्यांत वेळ घालवू नका, बदलून टाका. चांगल्या कंपनीचा, वॉरंटीतला एसएमपीएस असेल तर आधी केबल, मग पॉवर लिमिट, मग उसना एसएमपीएस लावून बघणं, हा क्रम. बंद पडण्याचा कामाशी काही संबंधच दिसत नसेल तर थेट भिंतीतली चाचणी सगळ्यांच्या आधी. नवा कूलर लॉगमध्ये तापमान दिसल्याशिवाय घेऊ नका. निव्वळ अंदाजावर घेतलेला कूलर हीच या सगळ्यातली सर्वांत वाया जाणारी खरेदी.

एसएमपीएस बदलून, भिंतीत लावून, तापमान नीट असूनही पीसी पडत असेल तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढा. कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच जोडा आणि बायोसच्या स्क्रीनवर तासभर सोडून द्या. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावावं लागेल. इथेही पडला तर उरले मदरबोर्ड आणि प्रोसेसर, आणि दोघांत मदरबोर्डचा नंबर आधी. नाही पडला तर कॅबिनेटमध्ये मदरबोर्डच्या मागे राहिलेला जास्तीचा स्टँडऑफ (मदरबोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खांब) किंवा घरंगळलेला स्क्रू शोधा. मग एकेक भाग परत जोडत जा, दर वेळी एकच.