पावसाळ्यात घेतलेली जुनी बोट: फसवणूक कुठे होते

कोकण किनाऱ्यावर जुन्या बोटींचे सौदे बरेचसे पावसाळ्यात ठरतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोट वर ओढून शाकारलेली, विकणाऱ्याला पैशाची नड आणि घेणाऱ्याला नारळी पौर्णिमेपर्यंत धंद्याला लागायची घाई. बोट पाण्यात नसल्यामुळे गळती दिसत नाही आणि इंजिनावर भार पडत नाही. मग घेणाऱ्याला तीन वाक्यं ऐकवली जातात: "लाकूड फुगलं की गळती थांबते", "कोरड्यात इंजिन जास्त वेळ चालवता येत नाही", "नाव बदलायला वेळ लागतो, तोवर तुम्ही धंदा सुरू करा". तिन्ही वाक्यं खरी आहेत, म्हणूनच अनुभवी माणसंही फसतात.

सुकलेल्या फळ्या आकसतात आणि बोट उतरवल्यावर थोडं पाणी आत येतं. एक-दोन दिवसांत फळ्या फुगून ते कमी व्हायला हवं. त्यानंतरही त्याच सांध्यातून पाणी झिरपत असेल तर खिळे सुटलेत किंवा लाकूड गेलंय. लाकडावर फायबर चढवलेली बोट जास्त फसवी. बाहेरून गुळगुळीत दिसते, पण बोल्टच्या भोकांतून आणि डेकच्या फटींतून शिरलेलं पावसाचं गोडं पाणी फायबरखाली अडकून लाकूड कुजवतं. खारं पाणी लाकडाला एवढं सडवत नाही, पण तिथे पोखरणारा किडा असतो. त्याचं बाहेरचं भोक टाचणीएवढं आणि आत बोटाएवढा बोगदा.

म्हणून इंजिनाच्या खणातल्या तळफळ्या उचलायला लावा. तळाला ताजा रंग किंवा ताजं सिमेंट दिसलं तर ते फोडून बघितल्याशिवाय पुढे बोलू नका. सडकी जागा झाकायचा हा जुना उपाय आहे. पठाणाजवळच्या, म्हणजे तळाच्या कण्याजवळच्या, फळीत आणि वाकांत, म्हणजे आतल्या बरगड्यांत, टोच्या मारा. चांगल्या लाकडात तो जेमतेम टोकापुरता जातो. पूर्ण फायबरच्या बोटीवर छोटी हातोडी वाजवत फिरा: खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज म्हणजे थर सुटलेत. ओबीएमची, म्हणजे मागे बाहेरून मशीन टांगलेली, बोट असेल तर मशीनचा पाय धरून वर-खाली रेटा. मागची फळी हलली की आतलं प्लायवूड गेलेलं समजा. शिवाय बोट ढकलणाऱ्या पंख्याचा पितळी रंग गुलाबीसर झाला असेल तर धातूतलं जस्त निघून गेलंय आणि तो पंखा भारात तुटू शकतो.

इंजिन बघायला जाल तेव्हा सुरू करण्याआधी ब्लॉकला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही येण्यापूर्वी कोणीतरी ते चालवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते सहज सुरू होत नसावं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळतंय. ऑइल नवंकोरं आणि जास्तच जाड असेल तर निळा धूर आणि ठोके लपवायला घातलेलं असू शकतं. पाण्याच्या पंपातलं रबर कोरडं चाललं की जळतं, त्यामुळे किनाऱ्यावर इंजिन लगेच बंद करणं योग्यच. पण तेवढ्यावर लाखांचा सौदा होऊ नये. बोट पाण्यात गेल्यावर अर्धा तास पूर्ण वेगाने चालवायची, मग गरम इंजिन मंद ठेवून ऑइलचा दाब बघायचा आणि निघताना व परतल्यावर तळातलं पाणी मोजायचं. ही चाचणी करारातच लिहून घ्या.

लाकूड आणि इंजिन पैसे खर्चून दुरुस्त होतं. कागदांत फसलेला माणूस मात्र बोटीसकट बुडतो. जुनी बोट घेण्याचा मोठा फायदा म्हणजे नोंदणी आणि मासेमारी परवाना आधीच असतो. त्यामुळे किमतीत नोंदणी क्रमांकाचा वाटा मोठा, आणि लबाडीही तिथेच. अनेक बोटी मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत एनसीडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या, कर्जातून बांधलेल्या आहेत. कर्ज थकलेलं असताना मालक स्टँप पेपरवर नोटरी करून बोट विकतो. घेणारा डागडुजी करतो, जाळी भरतो, आणि वसुली आली की बोट ओढून नेली जाते. नोटरीच्या कागदाने नोंदणीतलं नाव बदलत नाही. नाव बदलेपर्यंत डिझेलचा कोटा, विमा, परवान्याचं नूतनीकरण सगळं जुन्या मालकाच्याच हातात राहतं.

आयएनडी-एमएचने सुरू होणारा हा नोंदणी क्रमांक बोटीवर रंगवलेला असतो, आणि रंगवणं सोपं आहे. एकाच क्रमांकावर दोन बोटी चालवण्याचे प्रकार होतात. प्रमाणपत्रातली लांबी टेपने मोजून ताडा. इंजिन नंबर रिबिट मारलेल्या पट्टीवर न वाचता ब्लॉकवर ठोकलेला वाचा. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे स्वतः जाऊन परवाना कोणत्या जाळ्याचा आहे आणि बोटीवर दंड बाकी आहे का, हे विचारा. पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या जाळ्यावर, 2016 पासून कडक निर्बंध आहेत. ट्रॉलचा, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याचा, परवाना दाखवून "पर्ससीनही चालतं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

संस्थेचा आणि बँकेचा ना-देय दाखला विकणाऱ्याने आणून दिला तरी तुम्ही तिथे जाऊन पडताळा. आमच्या मते विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दहा टक्क्यांच्या वर देऊ नये, तोही बँकेतूनच. उरलेली रक्कम पाण्यातली चाचणी आणि नावाची बदली झाल्यावर द्यावी. विकणारा यावर चिडला तर उठून या.

पैसे गेलेच असतील तर आधी परवाना अधिकारी आणि संस्था यांना लेखी कळवून पोच घ्या, नाहीतर तीच बोट तिसऱ्याला विकली जाते. मग करार, बँकेचा उतारा आणि फोनवरचे संदेश घेऊन पोलिसांत जा. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं 318 आहे. "हा दिवाणी वाद आहे" असं सांगून परत पाठवलं तर तक्रार लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.