थिंकपॅडवरील मॅकओएस आणि योगाएसएमसी: पंख्यावर ताबा कितपत मिळतो?

लेनोव्होचा थिंकपॅड टी480 हा 2018 सालचा लॅपटॉप जुन्या मालाच्या बाजारात अजूनही सहज मिळतो, आणि ओपनकोअर या बूटलोडरच्या (यंत्र सुरू होताना प्रणाली चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) साहाय्याने त्यावर मॅकओएस बसवणारे हौशी लोकही बरेच आहेत. ॲपलचा परवाना मॅकओएस केवळ ॲपलच्याच संगणकांवर चालवण्याची मुभा देतो, त्यामुळे हा सगळा उद्योग परवान्याबाहेरचा आणि ज्याच्या त्याच्या जबाबदारीवरचा आहे, हे आधीच सांगितलेले बरे. अशा यंत्रावर ध्वनी, वाय-फाय, ट्रॅकपॅड हे सारे मार्गी लागल्यावर जी तक्रार हमखास उरते ती एकच: यंत्र तापते आणि पंखा स्वतःच्याच मर्जीने चालतो. या तक्रारीवर योगाएसएमसी हे विनामूल्य, मुक्तस्रोत साधन सुचवले जाते. ते बराच काळ वापरल्यानंतर माझे मत अनुकूल झाले आहे, मात्र ज्या कारणासाठी लोक ते बसवतात त्या कारणासाठी नव्हे.

मॅकवर पंखा हाताळणारी जी नेहमीची ॲप्स आहेत, उदाहरणार्थ मॅक्स फॅन कंट्रोल, ती इथे निरुपयोगी ठरतात. ही ॲप्स पंखा वगैरे सांभाळणाऱ्या ॲपलच्या एसएमसी या चिपशी बोलतात. हॅकिंटॉशमध्ये, म्हणजे मॅकओएस बसवलेल्या बिगर-ॲपल यंत्रात, ती चिप नसतेच. तिचे सोंग व्हर्च्युअलएसएमसी नावाचे केक्स्ट (मॅकओएसच्या गाभ्याला जोडले जाणारे ड्रायव्हरवजा पूरक) वठवते, आणि त्या सोंगाला दिलेला हुकूम थिंकपॅडच्या पंख्यापर्यंत पोहोचत नाही. पंख्याचा खरा कारभार मदरबोर्डवरील एम्बेडेड कंट्रोलरकडे, म्हणजे ईसीकडे असतो. ईसीच्या स्मृतीत सोळापायी (हेक्साडेसिमल) मोजणीतील 2एफ या क्रमांकाचा एक खाना आहे; पुढचे 80, 40, 84 आणि 85 हे आकडेही त्याच मोजणीतले. त्यात 0 ते 7 यांपैकी आकडा लिहिला की पंखा त्या पायरीवर स्थिरावतो, 80 लिहिले की कारभार पुन्हा ईसीकडे जातो, आणि 40 लिहिले की वेगाचे नियमनच सुटून पंखा जिवाच्या आकांताने फिरू लागतो. प्रत्यक्ष फेऱ्यांचा आकडा 84 आणि 85 या दोन खान्यांत मिळतो. योगाएसएमसी नेमके हेच खाने वाचते आणि लिहिते, म्हणून जिथे इतर साधने थांबतात तिथे ते चालते.

बसवणे अवघड नाही, पण नुसते केक्स्ट टाकून भागत नाही. ईसी वाचण्या-लिहिण्यासाठी एसएसडीटी-ईसीआरडब्ल्यू ही लहानशी एसीपीआय फाईल (यंत्रातील भागांची माहिती प्रणालीला देणारा तक्ता) ओपनकोअरच्या मांडणीत जोडावी लागते. ती नसेल तर मेन्यू बारमधील चिन्ह दिसते, फंक्शनच्या कळाही चालू होतात, पण पंख्याचा भाग मुका राहतो, आणि साधन बिघडलेले आहे अशी समजूत करून घेऊन लोक ते काढून टाकतात. ही गोष्ट सूचनांमध्ये अधिक ठळकपणे यायला हवी होती. बॅटरी किती टक्क्यांवर चार्ज व्हायला लागावी आणि कुठे थांबावी याच्या मर्यादाही याच साधनातून ठरवता येतात. ही सोय इतकी उपयोगी आहे की केवळ तिच्यासाठी ते ठेवले तरी चालेल.

आता मूळ मुद्दा. पंख्याचा वेग सतत डोळ्यांसमोर आला की एक गोष्ट लवकर ध्यानात येते: बहुतेक वेळा ईसी आपले काम चोख करत असतो आणि पंखा जोरात फिरतो तो प्रोसेसर खरोखरच तापलेला असतो म्हणून. टी480 मधील आय5-8250यू हा प्रोसेसर 15 वॉटचा आहे. काहीही चालू नसताना त्याने स्वस्थ बसायला हवे. तो बसत नसेल तर पंख्याची पायरी वाढवून उष्णता तेवढी बाहेर जाते, कारण मात्र जागेवरच राहते. हॅकिंटॉशवर ही कारणे ठरलेली आहेत. जुन्या मॅकओएसमध्ये एसएसडीटी-प्लग ही अशीच दुसरी एसीपीआय फाईल नसेल तर एक्ससीपीएम हे वीज व्यवस्थापन सुरूच होत नाही आणि प्रोसेसर आपला वेग पुरेसा खाली आणत नाही. ग्राफिक्सचा प्रवेग लागलेला नसेल तर खिडकी सरकवण्याचे कामसुद्धा प्रोसेसरच्या गळ्यात पडते. आणि ज्या टी480 मध्ये एनव्हिडियाचे एमएक्स150 कार्ड आहे, त्यात ते मॅकओएसला वापरता येत नाही. एसीपीआयमधून त्याची वीज तोडली नाही तर ते फुकट वीज खात बसते आणि प्रोसेसरच्याच हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, आपली उष्णता लादते. जुना टी480 घेताना म्हणूनच हे कार्ड नसलेला पाहून घ्यावा. विक्रेते ते जादा वैशिष्ट्य म्हणून सांगतात. आपल्या दृष्टीने ते निव्वळ लोढणे आहे.

नव्याने मॅकओएस बसवल्यावर सुरुवातीला स्पॉटलाइट सगळ्या फाईलींची सूची तयार करत असते आणि त्या काळात यंत्र तापणारच. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये एमडीवर्कर ही स्पॉटलाइटची प्रक्रिया यादीत सर्वांत वर दिसत असेल तर निदान तेवढ्यापुरते कशालाही हात लावू नये.

ही कारणे दूर केल्यावर पंख्याची पायरी हाताने ठरवण्याची गरज क्वचितच भासते. भासते ती विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात. हीटसिंकमधून उष्णता बाहेर जाते ती त्याच्या आणि हवेच्या तापमानातील फरकामुळे. खोलीच चाळिशीच्या घरात गेली की तो फरक आक्रसतो आणि उष्णता बाहेर जाणे मंदावते. अशा दुपारी मोठे काम सुरू करण्याआधीच पाचवी किंवा सहावी पायरी लावून ठेवली तर प्रोसेसर टर्बोवर, म्हणजे वाढीव वेगावर, अधिक काळ टिकतो, हा या साधनाचा खरा हाताशी येणारा लाभ. सातव्या पायरीच्या पलीकडचा अनियंत्रित वेग मात्र तपासणीपुरताच वापरावा, कारण त्याचा आवाजच शेजारच्या माणसाला उठवून बसवणारा आहे.

सर्वांत मोठी उणीवही इथेच आहे. मेन्यूतून निवडलेली पायरी ही फक्त पायरी असते. तापमान कितीही वाढले तरी ती आपणहून चढत नाही. शांततेसाठी पहिली पायरी लावून कोणी व्हिडिओचे रूपांतर सुरू केले, तर प्रोसेसर 100 अंशांपाशी आपला वेग कापून स्वतःला वाचवेल, पण बॅटरी आणि एसएसडी तोवर त्याच उबेत शेकत राहतील. तापमानाप्रमाणे पायऱ्या बदलणारी आलेखवजा सोय मेन्यूत असती तर गुण अधिक दिले असते. काम संपले की निवड स्वयंचलितवर परत आणणे हे वापरणाऱ्यालाच लक्षात ठेवावे लागते.

आणि एवढे करूनही तापमान उतरत नसेल, तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवून स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा. इतक्या वर्षांच्या यंत्रात थर्मल पेस्ट वाळलेली आणि हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमदा बसलेला असणे साहजिक आहे. झाकण उघडण्यापूर्वी बायोसमधील पॉवर विभागात जाऊन आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय निवडावा आणि बाहेरची बॅटरी काढून घ्यावी.

ज्यांना मॅकओएसचाच आग्रह नाही, त्यांनी याच यंत्रावर लिनक्स आणि त्यावरील थिंकफॅन हा पंखा हाताळणारा प्रोग्रॅम यांचा विचार जरूर करावा. तिथे कोणत्या तापमानाला कोणती पायरी हे फाईलीत लिहून ठेवता येते, आणि थिंकपॅड-एसीपीआय या ड्रायव्हरमध्ये पहारेकरी घड्याळाची सोय असल्याने नियंत्रण करणारा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर ठरलेल्या सेकंदांनंतर पंखा पुन्हा ईसीच्या ताब्यात जातो. मॅकओएस 26 टाहो ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने 2025 मध्ये जाहीर केलेले आहे, तेव्हा नव्याने टी480 विकत घेऊन त्यावर हा खटाटोप मांडण्याचा सल्ला मी देणार नाही. ज्यांच्याकडे तो आधीपासून चालू आहे, त्यांनी योगाएसएमसी बसवावे आणि पंख्याची पायरी एरवी स्वयंचलितवरच राहू द्यावी.