रेल मदद, एसटीची तक्रार वही आणि माहितीचा अर्ज: सोलापूरच्या प्रवाशाला कोणतं दार उपयोगी?

सोलापुरात प्रवाशाला दाद मागायला दारं कमी नाहीत. पण चुकीच्या दारात टाकलेला कागद ‘निकाली’ असा शिक्का घेऊन परत येतो आणि पुढच्या वेळी लिहिणारा लिहीतच नाही. म्हणून या सोयी एकेक करून तपासलेल्या बऱ्या.

रेल मदद, म्हणजे ॲप किंवा १३९ हा फोन क्रमांक. चालू प्रवासातल्या त्रासासाठी याला तोड नाही. डब्यात पाणी संपलंय, पंखा बंद आहे, संडास तुंबलाय, अशा तक्रारीला गाडी धावत असतानाच उत्तर मिळू शकतं. पीएनआर टाकला की गाडी कोणती ते वेगळं सांगावं लागत नाही. जनरलच्या तिकिटावर यूटीएस क्रमांक असतो, तो चालतो. पाणी भरायची सोय प्रत्येक स्टेशनात नसते, त्यामुळे मोठं स्टेशन यायच्या बरंच आधी तक्रार नोंदवावी. पुण्याकडून येताना कुर्डुवाडीच्या आधी लिहिलं तर सोलापूरला तयारी ठेवायला वेळ मिळतो. सोलापूर सुटल्यावर लिहून काय उपयोग? एका तक्रारीत एकच विषय घालावा. पाणी आणि फेरीवाल्यांचा त्रास एकत्र लिहिला की तक्रार एका खात्याकडे जाते, ते आपल्यापुरतं उत्तर देतं आणि दुसरा विषय तिथेच संपतो. ‘संबंधितांना कळवले आहे’ एवढ्यावर तक्रार बंद झाली, तर अभिप्रायात ‘असमाधानकारक’ नोंदवायला विसरू नये. बहुतेक जण तेवढंच टाळतात.

मात्र वेळापत्रक, थांबा, नवी गाडी यांसाठी रेल मदद जवळपास निरुपयोगी आहे. तो विषय तिथल्या माणसाच्या हातातच नसतो. फलाटावरचं पाणी, दिवे, उद्घोषणा, तिकीट खिडकी हे सगळं सोलापूरच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. नवी गाडी किंवा एक्स्प्रेसचा थांबा यावर शेवटचा शब्द दिल्लीतल्या रेल्वे बोर्डाचा. शिवाय आपल्या भागात हद्दींचा घोळ आहे. होटगीहून विजयपूरकडे वळलं की दक्षिण पश्चिम रेल्वेचा हुबळी विभाग लागतो, आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे गेलेल्या गाडीचं मिरज स्टेशन पुणे विभागात येतं. विजयपूरच्या गाडीच्या वेळेबद्दल सोलापूरला निवेदन दिलं की फोटो छान निघतो, पण प्रत हुबळीला गेली नसेल तर कागद पुढे सरकत नाही.

थांब्याची मागणी ‘प्रायोगिक तत्त्वावर’ असं लिहून करावी, कारण रेल्वे थांबे तसेच मंजूर करते आणि त्या काळातली तिकीट विक्री पाहते. थांबा मिळाल्यावर लोकांनी पुढच्या मोठ्या स्टेशनचं तिकीट काढणं सुरू ठेवलं तर कागदावर त्या गावाची विक्री शून्यच दिसते.

केंद्र सरकारचं तक्रार निवारणाचं पीजी पोर्टल धोरणाच्या विषयाला बरं. २०२४च्या सूचनांनुसार निपटाऱ्याची मुदत २१ दिवसांची आहे आणि उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. गोम अशी की ‘सूचना’ या पोर्टलवर तक्रार मानली जात नाही. ‘पंढरपूरसाठी सोयीची गाडी सुरू करावी’ ही सूचना झाली. ‘अमुक गाडी कुर्डुवाडीला उशिरा येते, पंढरपूरची जोडगाडी तोवर सुटलेली असते, या या तारखांना असं झालं’ ही तक्रार झाली. मागणी तीच, पण दुसरीला नुसते आभार मानून मोकळं होता येत नाही.

रेल्वे अधिकारी आणि प्रवाशांचे प्रतिनिधी जिथे एकत्र बसतात त्या विभागीय सल्लागार समितीचं थोडक्यात. सामान्य प्रवाशाला तिथे बसायला मिळत नाही. सदस्याला लेखी मुद्दा द्यावा आणि नंतर इतिवृत्त मागावं. समाजमाध्यमावरची पोस्ट दबावाला ठीक, पण नोंद म्हणून कच्ची.

आता एसटी. १८००२२१२५० हा टोल फ्री क्रमांक आहे, पण खरं वजन आगारातल्या तक्रार वहीला. गाडीचा क्रमांक, आगाराचं नाव, वाहकाचा बिल्ला क्रमांक, तिकिटावरची तारीख-वेळ एवढं असलं की चौकशी टाळता येत नाही. ‘बस वेळेवर येत नाही’ या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. फेरी रद्द झाली तर हातात तिकीटच नसतं. तेव्हा नियंत्रण कक्षातल्या वाहतूक नियंत्रकाला विचारून ठरलेली वेळ आणि सांगितलेलं कारण त्याच दिवशी वहीत लिहावं.

फेरी सुरू ठेवायची की नाही यात भारमान, म्हणजे गाडी किती भरली याचं प्रमाण, महत्त्वाचं. पासधारक विद्यार्थी मोजणीत आले नाहीत तर भरलेली गाडीही कागदावर रिकामी धावते. म्हणून सांगोला किंवा करमाळ्याच्या खेड्यातून मुक्कामी गाडी किंवा शाळेच्या वेळेची फेरी मागताना ग्रामपंचायतीच्या ठरावाला मुख्याध्यापकांचं पत्र जोडावं: पासधारक किती, शाळा भरते-सुटते कधी. मूळ अर्ज आगार व्यवस्थापकाला, प्रत सोलापूरच्या विभाग नियंत्रकांना, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.

या सगळ्यांत सर्वांत धारदार हत्यार माहितीचा अधिकार, आणि सर्वांत जास्त वाया जाणारंही तेच. एसटीकडचा अर्ज राज्याच्या नियमांनी चालतो: एकच विषय, साधारण १५० शब्द, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. रेल्वेला तो स्टॅम्प चालत नाही. तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावावी किंवा केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन भरावेत. ‘फेऱ्या का रद्द करता?’ असं विचारलं तर उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही, कारण तो फक्त असलेली नोंद देतो. त्याऐवजी ‘अमुक आगारातील अमुक मार्गावरील तीन महिन्यांच्या रद्द फेऱ्यांची तारीख, वेळ व नोंदवलेले कारण यांच्या प्रती’ मागाव्यात. मुदत ३० दिवस; उत्तर न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करावं. राज्यात त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो, केंद्रात शुल्क नाही. ‘माहिती संकलित स्वरूपात नाही’ असं उत्तर आलं तर लगेच अपिलात न शिरता अभिलेख, म्हणजे कार्यालयातली मूळ कागदपत्रं, पाहण्याचा अर्ज द्यावा. कायद्याने ती मुभा आहे, आणि रद्द फेऱ्यांचं कारण लिहिलेला रकाना तेव्हा मूळ नोंदीतच वाचता येतो.