पुंज-व्यतिकरणाचा प्रयोग: एनएमआर की फोटॉन?

पुंज-व्यतिकरण, म्हणजे कणाच्या दोन शक्य मार्गांनी एकमेकांत मिसळून एकमेकांना वाढवणे किंवा खोडणे, स्वतः मोजून पाहायचे ठरवले की मुख्यतः दोन वाटा दिसतात: एनएमआर स्पेक्ट्रोमीटर (चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रकांचे रेडिओ सिग्नल मोजणारे यंत्र) किंवा एकेका फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणावर, चालणारा इंटरफेरोमीटर (दोन मार्ग वेगळे करून पुन्हा जुळवणारे उपकरण). यंत्राआधी प्रश्न पक्का करा. तो फेजबद्दलचा (तरंग त्याच्या चक्रात कुठे आहे याबद्दलचा) आहे की एकेकट्या कणाबद्दलचा?

फोटॉनचे दोन मार्ग टेबलावर बोटाने दाखवता येतात. एनएमआरमध्ये केंद्रकाच्या स्पिनच्या (त्याच्या अंगभूत, छोट्या चुंबकासारख्या गुणधर्माच्या) दोन ऊर्जापातळ्या हेच मार्ग. ९० अंशांची पहिली रेडिओ पल्स बीम स्प्लिटरचे (प्रकाश दोन मार्गांत विभागणाऱ्या काचेचे) काम करते, मधल्या काळात फेजचा फरक साचतो, दुसरी पल्स दोन्ही मार्ग पुन्हा जुळवते. आरसे जुळवत बसावे लागत नाही.

माझा कल एनएमआरकडे आहे, तो एका प्रयोगामुळे. कार्बन-१३ असलेला क्लोरोफॉर्म घ्या. कार्बनचा स्पिन हा इंटरफेरोमीटर. शेजारच्या हायड्रोजनशी त्याचे कपलिंग (एका स्पिनचा दुसऱ्यावर होणारा परिणाम) सुमारे २१५ हर्ट्झ, त्यामुळे वर्णपटात हायड्रोजनच्या दोन रेषा स्वच्छ वेगळ्या दिसतात. एकेक रेषा कार्बनच्या एकेका पातळीची. त्यांतल्या एकाच रेषेवर लांब, सौम्य पल्स देऊन हायड्रोजन पूर्ण ३६० अंश फिरवा. तो होता तिथे परत आला असे वाटते, पण कार्बनचा सिग्नल उलटा होतो! मूळ चिन्ह परत यायला ७२० अंश लागतात. पल्स आखूड आणि जोरकस दिली तर दोन्ही रेषा एकदम फिरतात, दोन्ही मार्गांना सारखेच उणे चिन्ह मिळते आणि सिग्नलमध्ये काहीच फरक दिसत नाही. व्यतिकरण म्हणजे काय, हे मला या फसलेल्या पल्सइतके कशानेच समजले नाही. स्पिन-१/२ कणांचा (ही दोन्ही केंद्रके त्याच प्रकारची) हा गुणधर्म १९७५ मध्ये न्यूट्रॉनवर दिसला, त्यासाठी अणुभट्टी लागली. १९७७ मध्ये तो एनएमआरनेही दाखवला गेला.

मात्र एनएमआरचा सिग्नल असंख्य रेणूंचा एकत्रित असतो. ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात, खोलीच्या तापमानाला हायड्रोजनच्या स्पिनचे ध्रुवीकरण, म्हणजे एका दिशेच्या स्पिनचे दुसरीपेक्षा आधिक्य, लाखात जेमतेम चार. म्हणून शुद्ध अवस्थेऐवजी (सगळे स्पिन एकाच अवस्थेत असण्याऐवजी) तिच्यासारखी वागणारी ‘छद्म-शुद्ध’ अवस्था तयार करावी लागते. मोजक्या स्पिनच्या अशा नमुन्यात खरे एंटँगलमेंट (कणांच्या अवस्था एकमेकींत गुंतलेल्या असणे) नसते, हे १९९९ मध्ये गणिताने दाखवले गेले. म्हणून बेलची असमानता (असे गुंतलेपण खरे आहे का, याची कसोटी) तपासायची असेल, किंवा एकच कण दोन डिटेक्टरपैकी कुठे नोंदला जातो हे पाहायचे असेल, तर फोटॉनच घ्या. १९८६ मध्ये एकाच स्रोतातले फोटॉन बीम स्प्लिटरवर अविभाज्य राहतात आणि इंटरफेरोमीटरमध्ये व्यतिकरणही करतात, हे दिसले ते त्याच वाटेने.