वेबसाइट आणि सोशल मीडिया जोडण्याचे तीन मार्ग: कुणाला कोणता परवडेल

गिरगावातलं गणेशोत्सव मंडळ, दादरचं वाचनालय, लालबागच्या चिवडा गल्लीतलं फराळाचं दुकान, पार्ल्यातली हौशी नाट्यसंस्था. सगळीकडे मागणी एकच असते: वेबसाइट वर्डप्रेसवर (वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे, फेसबुक-इन्स्टाग्रामवर पानं आहेत, तर दोन्ही जोडून द्या. पण 'जोडून द्या' या दोन शब्दांत तीन निरनिराळी कामं दडलेली असतात. वेबसाइटची लिंक कुणी पाठवली तर ती चित्रासकट नीट दिसणं, हे पहिलं. वेबसाइटवर लेख चढला की त्याची पोस्ट आपोआप सोशल मीडियावर जाणं, हे दुसरं. आणि सोशल मीडियावरच्या पोस्ट वेबसाइटच्या पानावर दिसणं, हे तिसरं.

आमचं मत आधीच सांगतो. पहिलं काम सगळ्यांनी करावं, दुसरं नेमाने मजकूर टाकणाऱ्यांनी, आणि तिसरं फार थोड्यांनी. वेबसाइटवरून बाहेर जाणारा मजकूर तुमच्या ताब्यात असतो. बाहेरून आत येणारा मजकूर दुसऱ्या कंपनीच्या नियमांवर चालतो, आणि ते नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत.

लिंक नीट दिसणं

मुंबईत लिंक फिरते ती मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवर: सोसायटीचा ग्रुप, मंडळाचा ग्रुप, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप. तिथे लिंकसोबत येणारं चित्र आणि शीर्षक म्हणजे तुमच्या दुकानाची पाटी. ही पाटी पानाच्या कोडमधल्या ओपन ग्राफ टॅगवरून, म्हणजे शीर्षक आणि चित्र कोणतं ते सांगणाऱ्या खुणांवरून, बनते. फेसबुकने हे टॅग २०१० मध्ये आणले आणि आज व्हॉट्सअ‍ॅप, लिंक्डइन, टेलिग्राम सगळे तेच वाचतात. वर्डप्रेस स्वतःहून हे टॅग घालत नाही. योस्ट किंवा रँक मॅथ यांपैकी एक प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लागतं. वेबसाइट द्रुपल या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर असेल तर मेटाटॅग मॉड्यूल लागतं.

चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं, जेपेग स्वरूपातलं आणि शक्यतो ३०० केबीच्या आत ठेवा. फोनवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला की फेसबुकवर तो दिसतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक बोडकी जाते. मग 'आमच्याकडे तर दिसतंय' म्हणून वाद सुरू होतो. काही ठिकाणी चित्राचा मधला चौकोनच दाखवला जातो, म्हणून तारीख आणि नाव कडेला नेऊ नका.

मराठी वेबसाइटला यात दोन खास अडचणी येतात, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत त्यांचा उल्लेख क्वचितच असतो.

पहिली अडचण पत्त्याची. लेखाचं शीर्षक देवनागरीत असेल तर वर्डप्रेस पत्ताही देवनागरीतच बनवतं. पण तो पुढे पाठवताना प्रत्येक अक्षरचिन्हाचे टक्के-चिन्हांसह नऊ अक्षरांचे तुकडे होतात. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पत्त्याच्या या भागाला जागा २०० अक्षरांची. म्हणजे काना-मात्रा धरून साधारण २२ चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. 'गणेशोत्सव २०२६ कार्यक्रमपत्रिका' हे शीर्षकसुद्धा पुरतं मावत नाही. ग्रुपवर मात्र टक्के-चिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि ती पाहून लोकांना लिंक फसवी वाटते. म्हणून लेख प्रसिद्ध करण्याआधीच पत्ता रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा लिहा. नंतर बदलला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय तपासावी लागते.

दुसरी अडचण चित्रावरच्या अक्षरांची. शीर्षकावरून शेअरसाठीचं चित्र आपोआप बनवणारी प्लगइन असतात. बहुतेक होस्टिंगवर (साइट जिथे ठेवलेली असते त्या सेवेवर) ती पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जीडी या चित्र-लायब्ररीने अक्षरं उमटवतात, आणि तिला देवनागरीची जोडणी जमत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. कॅन्व्हासारख्या साधनात एक साचा करून चित्र हातानेच बनवा. पाच मिनिटं जातात, पण 'प्रसिद्धी' ही 'प्रसिद्धी'च राहते.

सगळं बरोबर असूनही चित्र येत नसेल तर कारण सहसा या चारांतलं असतं: होस्टिंगने बाहेरून चित्र उचलायला बंदी घातली आहे; साइटची राखण करणारी फायरवॉल फेसबुकच्या वाचक-बॉटला (पान वाचून नेणाऱ्या प्रोग्रॅमला) अडवते आहे; साइट 'लवकरच येत आहे' अवस्थेत आहे; किंवा थीम (साइटच्या रूपाचा साचा) आणि प्लगइन दोघांनी तेच टॅग घातले आहेत. पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडून चित्राचा टॅग एकदाच येतो ना, ते पाहा. फेसबुकने जुनं चित्र धरून ठेवलं असेल तर त्यांच्या शेअरिंग डिबगर साधनात पत्ता टाकून 'स्क्रेप अगेन' दाबा. लिंक्डइनचं असंच पोस्ट इन्स्पेक्टर आहे. व्हॉट्सअ‍ॅपला असं साधन नाही. पाठवणाऱ्याच्या फोनवर लिंक टाकताक्षणी जे चित्र बनतं तेच जातं, आणि आधी पाठवलेला संदेश नंतर सुधारत नाही. चाचणीसाठी पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून स्वतःलाच पाठवून पाहा.

शेअरच्या बटणांचं काम थोडक्यात होतं. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि 'लिंक कॉपी करा' एवढी तीन पुरतात, तीही साध्या दुव्याच्या रूपात. पंधरा चिन्हांची पट्टी लावणारी प्लगइन पान जड करतात. त्यातलं टिकटॉक तर भारतात जून २०२० पासून बंद आहे. फेसबुकचं जुनं लाइक बटण किंवा कॉमेंटची चौकट अजून पानावर असेल तर तो कोड काढून टाका. बाहेरच्या साइटसाठीची ही दोन्ही साधनं मेटाने (फेसबुकच्या मालक कंपनीने) १० फेब्रुवारी २०२६ पासून बंद केली आहेत.

आपोआप पोस्ट पाठवणं

आधी कुठे जाता येतं ते पक्कं करा, कारण निम्मी निराशा इथेच टळते. फेसबुकच्या पेजवर आपोआप पोस्ट जाते. वैयक्तिक प्रोफाइलवर ऑगस्ट २०१८ पासून जात नाही, आणि ग्रुपवर एप्रिल २०२४ पासून नाही. कुणी ग्रुपवर आपोआप टाकून देतो म्हणालं तर तो आडमार्गाने खातं चालवणार, आणि बंद पडेल ते तुमचं खातं. इन्स्टाग्रामला बिझनेस किंवा क्रिएटर प्रकारचं खातं लागतं आणि चित्र किंवा व्हिडिओशिवाय पोस्ट नाही. तिथे कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, त्यामुळे वेबसाइटवर माणसं आणणं हा हेतू असेल तर इन्स्टाग्रामवरची आपोआप पोस्ट फारशी कामाची नाही. एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) २०२३ मध्ये बाहेरच्या प्रोग्रॅमना मिळणारी फुकटची जोडणी आवळल्यावर अनेक प्लगइननी त्याची साथ सोडली. व्हॉट्सअ‍ॅप चॅनलवर हातानेच टाकावं लागतं. सगळ्यांत सरळ टेलिग्राम: टेलिग्रामच्याच बॉटफादरकडून बॉट बनवायचा, चॅनलचा अ‍ॅडमिन करायचा, टोकन (जोडणीची किल्ली) प्लगइनमध्ये भरायचं. चित्राखालचा मजकूर १०२४ चिन्हांपर्यंत आणि नुसता संदेश ४०९६ पर्यंत चालतो.

| साधन | कुणाला सोयीचं | कुठे अडतं |
|---|---|---|
| वर्डप्रेसमधलंच प्लगइन (जेटपॅक सोशल, ब्लॉग२सोशल) | लेख लिहिणारा आणि पोस्ट टाकणारा एकच असेल तर | सुरक्षा प्लगइनने बाहेरची जोडणी अडवली की जेटपॅक तुटतं |
| फीडवरून, म्हणजे साइटवरच्या ताज्या लेखांच्या आपोआप बनणाऱ्या यादीवरून, उचलणारी सेवा (झॅपियर, आयएफटीटीटी) | साइटला हात लावायचा नसेल तर | उशीर होतो. लेखातली दुरुस्ती पोस्टपर्यंत पोचत नाही |
| बाहेरचं वेळापत्रक-साधन (बफर) | पोस्टचे शब्द वेगळे लिहायचे असतील तर | मजकूर दुसऱ्यांदा हाताळावा लागतो |

छोट्या संस्थेला आम्ही तक्त्यातलं पहिलं साधन सुचवू, दुकानाला तिसरं. दुकानाच्या पोस्टचा वेबसाइटवरच्या लेखांशी फारसा संबंधच नसतो: आज अनारसे ताजे आहेत, उद्या चकलीची मागणी बंद. फीडवरून उचलणाऱ्या सेवा वरवर सोप्या वाटतात, पण त्यांच्यात एक खाच आहे. वर्डप्रेसचं फीड मुळात शेवटचे दहा लेखच दाखवतं. एका बैठकीत पंधरा लेख प्रसिद्ध केले तर पाच लेख सेवेला कधी दिसतच नाहीत. शिवाय नाट्यसंस्थेने 'प्रयोग' हा मजकुराचा वेगळा प्रकार केला असेल तर तो मुख्य फीडमध्ये येत नाही. त्याचं स्वतंत्र फीड जोडावं लागतं.

पोस्ट चित्राशिवाय गेली, ही नेहमीची तक्रार. 'प्रसिद्ध करा' दाबताच पोस्ट सुटते, आणि मुख्य चित्र त्यानंतर लावलं तर फेसबुकने पान आधीच वाचून झालेलं असतं. आधी चित्र, मग उतारा (लेखाचा थोडक्यात सारांश), मग प्रसिद्धी हा क्रम पाळा.

वेळेची तक्रारही तेवढीच येते. नव्या वर्डप्रेसमध्ये वेळ अनेकदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असते. सकाळी ९ ला लावलेली पोस्ट मग मुंबईत दुपारी अडीचला जाते, तोवर आरती होऊन गेलेली असते. सेटिंगमध्ये शहर 'कोलकाता' निवडा. भारतीय वेळ त्याच नावाखाली आहे. तरीही पोस्ट अडकत असेल तर कारण वर्डप्रेसचं अंतर्गत वेळापत्रक. कुणी साइटला भेट दिली तरच ते हलतं, आणि पहाटे कुणी फिरकलं नाही तर पोस्ट तशीच पडून राहते. कॉन्फिग फाइलमध्ये हे वेळापत्रक बंद करून होस्टिंगच्या पॅनेलमधून दर पाच मिनिटांचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा.

मजकूर तोडण्याकडेही लक्ष हवं. एक्सवर २८० चिन्हं मिळतात आणि लिंक कितीही लांब असली तरी २३ धरली जाते. पण देवनागरीत मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'क्षेत्र' आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं, मोजणीत सात. जुनी प्लगइन मजकूर बाइटच्या हिशेबाने कापतात, त्यात एखादं चिन्ह मधेच तुटतं आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. असं दिसलं तर प्लगइन बदला, किंवा पोस्टचा मजकूर उताऱ्याच्या चौकटीत हातानेच लिहा. हाताने लिहिलेला जास्त वाचलाही जातो.

सगळ्यांत मोठा धोका मात्र माणसाचा आहे. फेसबुक पेजची जोडणी कुणा एकाच्या वैयक्तिक खात्यातून झालेली असते. त्याने पासवर्ड बदलला, मंडळ सोडलं किंवा पेजवरचा अधिकार गेला की टोकन रद्द होतं आणि पोस्ट गुपचूप थांबतात. लिंक्डइनचं टोकन तर तसंही ६० दिवसांत संपतं. पेज संस्थेच्या नावाच्या मेटा बिझनेस पोर्टफोलिओत (संस्थेची पेज आणि खाती एकत्र सांभाळायच्या सोयीत) ठेवा, पूर्ण अधिकार किमान दोघांना द्या, आणि महिन्यातून एकदा चाचणीची पोस्ट सोडून पाहा.

सोशल मीडियावरच्या पोस्ट पानावर आणणं

यूट्यूबचा एखादा व्हिडिओ लावणं हे वेगळं आणि निर्धोक काम आहे. लिंक स्वतंत्र ओळीवर चिकटवली की व्हिडिओ लागतो; ही सोय वर्डप्रेसमध्ये २००९ पासून आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची पोस्टही पूर्वी अशीच लागायची. ऑक्टोबर २०२० मध्ये मेटाने त्यासाठी टोकन सक्तीचं केलं आणि वर्डप्रेसने ती सोय काढून टाकली. आता स्मॅश बलूनसारखं प्लगइन लागतं.

चालू फीडची, म्हणजे ताज्या पोस्ट आपोआप दाखवणाऱ्या पट्टीची, गोष्ट अधिक नाजूक आहे. वैयक्तिक खात्यांचं इन्स्टाग्राम फीड ज्या जोडणीवर चालायचं ती ४ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाली. आता व्यावसायिक खातं लागतं आणि टोकन ६० दिवस टिकतं. प्लगइन ते परस्पर नवं करतं खरं, पण त्याच वेळापत्रकाच्या भरवशावर ज्याने पोस्ट अडकवली होती. ते थांबलं की पहिल्या पानावर फोटोंच्या जागी रिकामी चौकट उरते.

वजनाचाही विचार करा. तुमचा वाचक गर्दीच्या लोकलमध्ये, ठाण्यापुढच्या बोगद्याच्या आसपास तुटणाऱ्या नेटवर्कवर पान उघडतो आहे. यूट्यूबचा एक प्लेअरसुद्धा शेकडो केबीची कोडं ओढतो. त्याजागी व्हिडिओचं स्थिर चित्र ठेवा आणि ते दाबल्यावरच प्लेअर येऊ द्या. 'लाइट' प्रकारची प्लगइन हेच करतात. चॅनलवरचे ताजे व्हिडिओ आपोआप दाखवायचे असतील तर शोधाची विनंती वापरू नका. यूट्यूबच्या जोडणीला रोज १०,००० युनिट (विनंत्या मोजायचं माप) मिळतात. शोधाला एका वेळी १०० जातात, प्लेलिस्ट वाचायला १. चॅनलच्या ओळखक्रमांकातली सुरुवातीची 'यूसी' अक्षरं बदलून 'यूयू' केली की चॅनलवरच्या सगळ्या व्हिडिओंची प्लेलिस्ट मिळते.

मंडळांनी आणि शाळांनी मुलांच्या फोटोंबाबत जपायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला त्यात पालकांची पडताळलेली संमती लागते. इन्स्टाग्रामवर कुणी टाकलेला बालनाट्याचा फोटो फीडमधून परस्पर संस्थेच्या पानावर येणं म्हणूनच टाळावं.

मग कुणी काय निवडावं

फराळाच्या दुकानाने लिंकचं चित्र आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण यावर थांबावं. दरपत्रकाचं पान हलकं ठेवावं आणि इन्स्टाग्राम हाताने चालवावं. वाचनालयाला प्लगइनमधून फेसबुक पेज आणि टेलिग्राम पुरे आहे. नव्या पुस्तकांची यादी आठवड्यातून एकदा जाते, तेवढ्यासाठी महिन्याचं शुल्क भरू नये.

नाट्यसंस्थेने प्रत्येक प्रयोगाला स्वतंत्र पान द्यावं. नाट्यगृह, तारीख, वेळ, तिकिटाची लिंक सगळं तिथे, आणि सोशल मीडियावर त्या पानाची लिंक. शिवाजी मंदिरचा प्रयोग पुढे ढकलला तर एक पान बदललं की आधी फिरलेल्या सगळ्या लिंकही नव्या तारखेवर पोचतात. चित्रावर मात्र तारीख छापू नये, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आधी गेलेलं चित्र बदलता येत नाही.

गणेशोत्सव मंडळाला दहा दिवस फीड हवंसं वाटतं आणि त्या दहा दिवसांत ते शोभतंही. ते उत्सवाच्या पानावरच लावावं, मुखपृष्ठावर नको, आणि अनंत चतुर्दशीनंतर त्या जागी निवडक फोटो स्वतःच्या मीडिया लायब्ररीत चढवून, मूर्तिकाराचं नाव, देखाव्याचा विषय आणि वर्ष लिहून ठेवावं.